गंजलेल्या जीपची पारख

बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाच्या शिंगांना लावलेल्या रंगाकडे पाहून पैसे मोजीत नाही. तो जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावर जुनी जखम आहे काय हे हाताने चाचपतो आणि शेवटी चार पावले चालवून पाहतो. त्याच्या घरची गृहिणी दहा-वीस रुपयांचे मडके घेतानाही ते बोटाने वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडके घरी येते, बद्द आला तर ते कुंभारापाशीच राहते. असे हे पारखी घर, संत्र्यांचा बहार विकून आलेली रक्कम घेऊन जुनी जीप खरेदी करावयास निघाले म्हणजे मात्र कित्येकदा रंगालाच भुलते. नवा रंग, नवी गादी, रुंद टायर आणि पुढे लावलेले चार दिवे एवढे पाहून सौदा ठरतो. मग पहिला पावसाळा संपताच दाराखालचा पत्रा फुगू लागतो, पायाखालच्या तळातून रस्ता दिसू लागतो आणि बहाराचे पैसे कोठे गेले हे कळून येते.

सौंसर व पांढुर्णा या भागात हा प्रश्न हौसेचा नाही. २०२३ साली हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांतील येथली शेती बरीचशी काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात बागेपर्यंतची गाडीवाट चिखलाने भरते, नाल्यांना पाणी येते आणि साध्या मोटारीची मागची दोन चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी पुढची चाकेही ओढू लागतील अशी गाडी फवारणीचा पंप, खताची पोती, मजूर आणि प्रसंगी आजारी माणूस पोचविते. नवी गाडी पुष्कळांच्या आवाक्याबाहेरची असते, म्हणून जुनीचा शोध सुरू होतो. आणि जुनी म्हटली की गंज हा आलाच.

अशा गाड्या कोणत्या, हे प्रथम थोडक्यात पाहू. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. त्यांतील काही हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर लष्कराच्या विक्रीतून खासगी हातांत गेल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपांची जुळणी हाती घेतली आणि पुढे त्या देशातच बनू लागल्या. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून लष्करासाठी जोंगा ही गाडी तयार होई. तिचा मूळ नमुना निसान या जपानी कंपनीचा होता, आणि जोंगा हे नाव जबलपूरच्या लष्करी कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून पडले. ते उत्पादन १९९९ साली थांबले. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. तीही आता बनत नाही. २०१० साली थार आली. या साऱ्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा वरचा पत्रा हे अंग असून खालची लोखंडी चौकट, जिला कारागीर चासी म्हणतात, हा पाठीचा कणा आहे. इंजिन, स्टिअरिंग, चाके आणि पाटे हे सारे या कण्याला बांधलेले असते. पारखीचे सारे शास्त्र या एका भेदावर उभे आहे. गाडीवर गंज किती आहे यापेक्षा तो कोठे आहे हे महत्त्वाचे.

गंज म्हणजे काय, हे समजले की तो कोठे शोधावा हेही समजते. लोखंड खाणीत शुद्ध रूपात सापडत नाही. ते प्राणवायूशी संयोग पावलेल्या दगडाच्या रूपात असते. भट्टीत अपार उष्णता खर्चून माणूस हा संयोग तोडतो, आणि पाणी व हवा मिळताच लोखंड पुन्हा आपल्या मूळ स्थितीकडे निघते. सौंसरच्या लोकांना ही गोष्ट नवी वाटू नये. भूगर्भशास्त्रात या गावाच्याच नावाने ओळखला जाणारा एक खडकसमूह आहे व त्यात मँगनीजची खनिजे सापडतात. धातू दगडात कसा दडलेला असतो हे येथील जमिनीनेच दाखवून दिले आहे. गंजलेली जीप ही जणू पुन्हा खाणीकडे निघालेली जीप होय. ती वाटेत किती पुढे गेली आहे, एवढेच खरेदीदाराला ठरवावयाचे असते.

या वाटेवर तीन टप्पे आहेत. पहिला वरवरचा गंज. लोखंडावर तपकिरी पूड दिसते, पण तारेच्या ब्रशने घासताच खाली चकाकणारा धातू लागतो. याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. दुसरा पापुद्र्यांचा गंज. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, म्हणून तो फुगतो, थर सुटतात आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला तर ते पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो. येथे धातूची जाडी कमी झालेली असते. तिसरा टप्पा आरपार गंजाचा. टोच्या टेकवताच तो आत जातो. पत्रा तिसऱ्या टप्प्यावर पोचला असेल तरी गाडी वाचू शकते. कणा दुसऱ्याच टप्प्यावर असला तरी विचार करावा लागतो. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्याचा दाखला विक्रेते कधी कधी देतात. परंतु त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर संरक्षक थर बसला आहे. मोटारीच्या पोलादाला ते भाग्य लाभलेले नाही.

‘आमचा मुलूख समुद्रापासून दूर; येथे गाडी गंजत नाही’, असे पुष्कळांना वाटते. हे अर्धे खरे आहे. खारी हवा गंजाला वेग देते, म्हणून मुंबई, कोकण किंवा गोव्याकडील नोंदणीची गाडी असेल तर दुप्पट सावध राहावे. पण या भागाचेही स्वतःचे गंज आहेत. पहिला काळ्या मातीचा. ही माती ओल धरून ठेवते. ती चासीच्या पोकळीत शिरते, पाणी निथळण्याची भोके बुजवते आणि दिवाळीपर्यंत आत ओली राहते. बाहेरून कोरडा दिसणारा कणा अशा वेळी आतून पोखरला जातो. दुसरा गंज खतांचा. रासायनिक खतांची पोती फाटून सांडलेले कण ओल ओढून घेतात आणि पत्रा खातात. तिसरा मोरचुदाचा. संत्र्याच्या झाडांवरील रोगांसाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण वापरतात. त्यात चुना पुरेसा पडला आहे की नाही हे पाहण्यासाठी लोखंडी पाते बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे ठरते. तो तांब्याचा थर जमतो तेवढेच लोखंड द्रावणात विरघळून जाते. ही परीक्षा करणाऱ्या बागायतदाराने एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या गाडीच्या हौद्यात मोरचुदाचे पिंप वर्षानुवर्षे हिंदकळले, त्या हौद्यावर हाच प्रयोग रोज झालेला आहे. म्हणून बागेतली गाडी घेताना हौद्याची चटई उचलून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळू. त्यासाठी मोठी सामग्री नको. एक लहान हातोडी, एक टोच्या, एक लोहचुंबक, एक विजेरी आणि जमिनीवर अंथरण्यास जुने पोते एवढे पुरे. पाहणी दिवसाच्या उजेडात करावी. गाडी धुतलेली असावी, पण नुकतीच रंगवलेली नसावी. खालच्या बाजूस ताजा डांबरी रंग फासलेला आढळला तर त्याचे कारण विचारावे. शुभ्र चुन्याने सारवलेल्या कबरीचा दृष्टांत ख्रिस्ताने दांभिकांना दिला होता. विक्रीपूर्वी घाईने फासलेल्या रंगालाही तो लागू पडतो. अर्थात काळजी घेणारा मालकही खालून रंग देतो. फरक असा, की त्याचा रंग जुना, धुळीने माखलेला व साफ केलेल्या धातूवर दिलेला असतो. दुसऱ्याचा रंग मातीवर आणि पापुद्र्यांवर चढलेला असतो.

पोते अंथरून प्रथम गाडीच्या खाली जावे. वरचे रूप नंतर पाहावे. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत हातोडीने हलकेच वाजवीत जावे. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. मडक्याची परीक्षा येथे उपयोगी पडते. बद्द आवाज येईल तेथे टोच्या दाबून पाहावा. विशेष लक्ष चार ठिकाणी द्यावे. स्टिअरिंगची पेटी जेथे चासीला जोडलेली असते ते ठिकाण, पाट्यांच्या टोकांचे आधार, मागची आडवी पट्टी, आणि वरचा सांगाडा चासीवर जेथे टेकतो ते बोल्टांचे ठिकाण. पहिल्या दोहोंपैकी एका जागी जरी धातू खचत असला तरी सौदा तेथेच थांबवावा. सिल्लेवानीच्या घाटात भरलेली गाडी उतरत असताना पाट्याचा आधार तुटला, तर हिशेब पैशांत करता येत नाही. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही याच वेळी पाहाव्यात. त्या स्वस्त आहेत, बदलता येतात. पण गंजून पातळ झालेली नळी जोराने ब्रेक दाबला असता फुटते, म्हणून गाडी चालवून पाहण्यापूर्वी त्या पाहिलेल्या बऱ्या.

चासीवर ठिगळे असतील तर त्यांचा अर्थ लावावा. व्यवस्थित कापून, सडका भाग काढून, कडेने सलग वेल्डिंग केलेला जोड हा दुरुस्तीचा पुरावा आहे. सडक्या भागावर नुसता पत्रा चिकटवून दोन-चार ठिकाणी टाके मारलेले असतील तर ते केवळ झाकण होय. अशा दोन थरांमध्ये पाणी साचते आणि गंज पूर्वीपेक्षा जोमाने वाढतो.

मग वरचे अंग. पायाखालचा तळ, दाराची खालची कड, चाकांवरच्या कमानी, काचेच्या चौकटीचा खालचा भाग आणि बॅटरीची बैठक या जागा प्रथम जातात. रंगाखाली लहान फोड दिसत असतील तर गंज आतून बाहेर येत आहे असे समजावे. लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते पकडत नाही तेथे लोखंड नसून पुट्टीचा जाड थर आहे. एक-दोन जागी पुट्टी असणे हा गुन्हा नव्हे. सबंध बाजूच पुट्टीची असेल तर विक्रेता पत्र्याच्या भावाने भुकटी विकत आहे. तथापि तळ, दारे, मडगार्ड हे सारे भाग पत्रेकाम करणारा कारागीर नवे बसवू शकतो. म्हणून हा गंज पाहून घाबरू नये, त्याची किंमत वजा करावी.

पुढच्या चाकांच्या ओढीची परीक्षा स्वतंत्रपणे करावी, कारण तीसाठीच ही गाडी घ्यावयाची आहे. जीपच्या रूपाच्या अनेक गाड्या मुळातच मागच्या दोन चाकांच्या ओढीच्या विकल्या गेल्या; काहींचा पुढचा दांडा मालकांनी काढून टाकला. आत दुसरा गिअर-दांडा दिसला म्हणून खाली सर्व काही आहे असे मानू नये. पुढच्या धुरीपर्यंत फिरता दांडा गेलेला डोळ्यांनी पाहावा. जोड लावून पाहण्यासाठी कोरडा डांबरी रस्ता वापरू नये. तेथे पुढची-मागची चाके एकमेकांना ताणतात व यंत्रावर भार येतो. नांगरलेले शेत किंवा नाल्याची वाळू ही योग्य जागा. काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या तुंब्यावर हाताने फिरवावयाची कळ असते. ती गंजून अडकलेली तर नाही ना, हे पाहावे. जोड लागताना खडखडाट होऊ नये, वळताना पुढून टकटक येऊ नये, आणि ओढ सुटतानाही दांडा सहज यावा. धुरीतील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके असेल तर आत पाणी गेले आहे. नाले ओलांडणाऱ्या गाडीत हे वारंवार घडते आणि आतील दातेरी चाकांना दिसू न देता गंज चढवते.

लोखंडाइतकेच कागदही गंजतात. नागपूर हा सौंसरला जवळचा मोठा बाजार. १९५६ च्या नोव्हेंबरपूर्वी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. आता मध्ये राज्याची सीमा आहे. म्हणून तिकडून घेतलेल्या गाडीस तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर येथील क्रमांक घ्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. या वाढीचे शुल्क २०२२ पासून बरेच चढले आहे, तेव्हा त्या दिवसाचा दर कार्यालयातच विचारावा. गंजाचा येथे एक थेट संबंध आहे. चासीवर ठोकलेला क्रमांक गंजाने पुसला गेला असेल, किंवा तो भागच कापून नवा जोडलेला असेल, तर गाडी कितीही धडधाकट असली तरी तिची ओळख सिद्ध होत नाही. क्रमांक घासून स्वच्छ करावा, विजेरीच्या तिरप्या प्रकाशात वाचावा आणि नोंदणीपुस्तकाशी अक्षर अक्षर ताडून पाहावा.

लष्कराच्या लिलावातून निघालेल्या सुट्या भागांची जुळणी करून नव्या जीपा उभ्या करण्याचा व्यवसाय हरयाणातील डबवाली येथे प्रसिद्ध आहे. त्या दिसण्यास देखण्या असतात; पण कारखान्याच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे फेरबदल कायद्याला मान्य नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरीकडे, पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली विंटेज नोंदणीची वेगळी तरतूद झाली. अशी युद्धकालीन जीप सापडली तर तिचा हिशेब निराळा असतो. फोर्डच्या जीपेत लहानसहान भागांवर इंग्रजी एफ हे अक्षर उमटवलेले असे. संग्राहकाला ते अक्षर असलेला गंजका भाग नव्या नकलेपेक्षा मोलाचा वाटतो. परंतु विंटेज नोंदणीची गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून बागायतदाराला या मोलाचा उपयोग नाही.

आता किमतीचा प्रश्न. पुष्कळ लोक विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापासून आरंभ करतात आणि घासाघीस करीत खाली येतात. ही रीत उलटी आहे. आरंभ निर्दोष गाडीपासून करावा. त्याच नमुन्याच्या, त्याच वयाच्या आणि चांगल्या स्थितीतील गाड्या प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या, हे दोन-तीन ठिकाणी विचारावे. मागितलेली किंमत व मिळालेली किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. केवळ उदाहरणादाखल असे समजू, की ती रक्कम तीन लाख रुपये आहे. पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने गाडी पाहून साठ हजारांचा अंदाज दिला, यंत्राच्या कारागिराने चाळीस हजारांचा, आणि कागदपत्रांस पंधरा हजार लागतील असे दिसले. राहिले एक लाख पंच्याऐंशी हजार. येथे थांबू नये. गंजाचे काम कापावयास घेतले की दिसला होता त्याहून अधिक गंज आत सापडतो. म्हणून पत्रेकामाच्या अंदाजाचा निम्मा भाग, म्हणजे तीस हजार, अदृष्टासाठी राखावा. उरलेले एक लाख पंचावन्न हजार ही त्या खरेदीदाराची कमाल मर्यादा. तिच्या आत सौदा झाला तर उत्तम. न झाला तर घरी परतावे.

कणाच सडलेला असेल तर मात्र हे गणित लागूच पडत नाही. अशा वेळी ती गाडी नसून सुट्या भागांचा ढीग आहे असे धरून चालावे. इंजिन, गिअरपेटी, धुऱ्या, चाके यांपैकी कामाचे काय ते मोजावे आणि उरलेले भंगाराच्या भावाने वजनावर धरावे. भंगाराचा भाव ही कोणत्याही गाडीच्या किमतीची शेवटची पायरी होय, आणि ती माहीत असल्याशिवाय बाजारात उभे राहू नये.

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवतात, त्यामागे एक शहाणपण आहे. आकडा चारचौघांत उच्चारला की मानाचा प्रश्न होतो आणि माणूस आपली मर्यादा ओलांडतो. जीप घ्यावयास जाणाऱ्यानेही आपला आकडा घरीच, घरच्या माणसांसमोर, कागदावर लिहून न्यावा. आणि शक्य तर गाडीशी ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा एक कारागीर, त्याची दिवसाची मजुरी देऊन, बरोबर न्यावा. त्या मजुरीने पुढची मोठी हानी टळते.

विकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. गाव लहान असते. आज विकलेली गाडी उद्या त्याच रस्त्याने येताना दिसते. गंज कोठे आहे हे स्वतःहून दाखवणाऱ्याला दोन पैसे कमी मिळतील, पण त्या गाडीत बसणारे शेजारी, त्यांची मुले आणि बागेत जाणारे मजूर यांच्या जिवाला धोका देऊन मिळवलेला अधिक पैसा कोणालाही लाभलेला नाही. पाट्याच्या आधारापाशी लावलेली पुट्टी ही केवळ फसवणूक नव्हे, तो माणसांच्या जिवाशी केलेला खेळ आहे.

गंजलेली गाडी म्हणून तिच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. पत्रा सडलेला पण कणा ताठ असलेली जीप, योग्य किमतीला घेऊन दुरुस्त केली, तर आणखी कित्येक बहार वाहून नेईल. दर पावसाळ्यानंतर तिची खालची माती धुवावी, पाणी निथळण्याची भोके तारेने मोकळी करावीत आणि मोरचुदाचे पिंप लाकडी फळीवर, घट्ट झाकणाने ठेवावे. ज्या घरात मडके वाजवून घेतात त्या घराला एवढे अवघड नाही.